गाडी जुनी असावी की नवी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास किंवा काव्य हे विषय शोभतात, असा आपल्याकडे समज आहे. दिवसभराचे ऊन उतरल्यावर मंडळी येथे जमतात ती मन थोडे वर उचलले जावे म्हणून. आणि अशा वेळी वक्त्याने उभे राहून माल वाहणाऱ्या पिकअप गाडीविषयी बोलावे, हे काहींना रसभंगासारखे वाटेल. पत्रिकेतला विषय वाचून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला विचारलेच, "आता काय व्यासपीठावर ऑइल सांडणार?" त्यांना आम्ही एवढेच म्हटले की, आपल्या घरात जी भाजी सकाळी येते ती वेदान्तावर बसून येत नाही, ती जाधववाडीच्या बाजारातून कोणाच्या तरी पिकअपच्या हौद्यात बसून येते. तेव्हा त्या गाडीची विचारपूस एक संध्याकाळ केली तर फारसे बिघडणार नाही.

शिवाय आपले हे शहर गाड्या घडवणारे शहर आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००१ सालापासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. गाडी कशी करावी हे ज्या शहराला ठाऊक आहे, त्याने गाडी कशी निवडावी आणि ती कशी जगवावी ह्याचाही विचार करावा, अशी अपेक्षा केली तर ती वावगी नव्हे.

आता आमची अडचण सांगतो. पाचोडच्या बाजूला आमची मोसंबीची बाग आहे आणि घरी २००८ सालची एक पिकअप आहे. आठ वर्षे झालेल्या माल वाहतुकीच्या गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते. आमच्या गाडीला तर पंधरा वर्षेही केव्हाच उलटून गेली. गेल्या पासिंगच्या वेळी घरात प्रश्न निघाला, की आता हिच्यावर पैसा घालावा की नवी घ्यावी? आमचे वडीलबंधू, म्हणजे दादा, जुन्या गाडीच्या बाजूचे. पुतण्या नवीच्या बाजूचा. आणि आम्ही, दोन्हीकडच्या बोलण्याला मान हलवीत, मध्ये.

दादांचे म्हणणे प्रथम ऐकावे. ते म्हणतात, "ही गाडी बोलते. तुमची ती नवी गाडी नुसते दिवे लावते." ह्या वाक्यात बरेच तथ्य आहे. जुन्या डिझेल इंजिनात इंधन सोडण्याचे काम एक यांत्रिक पंप करतो. तो इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची फारशी गरज उरत नाही. बॅटरी उतरली तर चार माणसांनी धक्का द्यावा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडावा, आणि गाडी खाकरत सुरू व्हावी! एकदा आडूळच्या अलीकडे रात्री दोनच्या सुमारास गाडी बंद पडली. हौद्यात मोसंबी, पहाटेचा लिलाव गाठायचा. आमच्या गाडीवर चौदा वर्षे असलेल्या चालकांना सारा गाव मामा म्हणतो, आणि आम्हीही मामाच म्हणतो. मामांनी मोबाइलच्या उजेडात डिझेलच्या नळीचा स्क्रू सैल केला, हातपंपाने डिझेल ओढून आत शिरलेली हवा काढली, स्क्रू आवळला आणि वीस मिनिटांत गाडी चालू केली. लागलेली हत्यारे दोन : एक पाना आणि एक अनुभव.

हा अनुभव मामांनी कोणत्या शाळेत मिळवला? तो ह्या शहरातल्या गॅरेजांत मिळतो. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने मुंबईत गोरेगावला जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीन चाकांची गाडी सुरू केली, आणि तेव्हापासून माल वाहणाऱ्या लहान गाडीला मराठीत 'टेम्पो' हे नावच पडले. पुढे मॅटाडोर आली, १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली 'छोटा हत्ती' आला. ह्या एकेका गाडीबरोबर गॅरेजवाल्यांची एकेक पिढी तयार झाली. बापाच्या हाताखाली मुलगा, उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या, अशी ही परंपरा. ज्या चाचांकडे आम्ही गाडी नेतो ते इंजिन ऐकताना डोळे मिटून घेतात, आणि मग "तीन नंबरचा नोझल" असे निदान सांगतात. वैद्याने नाडी पाहावी तसे हे निदान. आणि ते बहुधा खरे ठरते.

येथपर्यंत दादांची बाजू. आता पुतण्याची. तो म्हणाला, "काका, तुमची गाडी बोलते हे खरे, पण बोलताना ती काळा धूर सोडते, आणि तो मागच्याच्या नाकात जातो." ह्या बोलण्याने आम्ही गप्प झालो, कारण बाजारात आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. गाडी मागे घेताना हौद्याशी जो हमाल उभा असतो त्याचे तोंड नेमके धुराच्या नळीपाशी असते. तो रुमाल बांधतो, खोकतो, आणि पुढची गोणी उचलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा आहे, असे स्पष्ट जाहीर केले. केंद्र सरकारने २०१९ साली हवा शुद्ध करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत आपले शहर होते. ते दूषण एकट्या पिकअपचे नव्हे हे खरे. परंतु त्यात आपला वाटाच नाही, असे कोणत्याही गाडीमालकाला म्हणता येणार नाही.

ह्या बाबतीत नवी गाडी जुनीपेक्षा थोडीथोडकी नव्हे, फारच चांगली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. त्याआधीच्या स्टेज चारमध्ये मोठ्या पिकअपच्या वर्गातल्या डिझेल गाडीला किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. आता ती ४.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पूर्वी एक गाडी जेवढी काजळी सोडू शकत असे तेवढ्यात आता तेरा गाड्या चालाव्यात. नायट्रोजनच्या विषारी वायूंची मर्यादा ३९० वरून १२५ मिलिग्रॅमवर आली. आमची २००८ सालची गाडी तर स्टेज चारच्याही आधीची. तिची बढाई मारताना हा आकडा आम्हांला आता आठवत राहतो.

हे साधले कसे? इंधनाचा दाब वाढवून. जुन्या इंजिनात नोझल उघडायला शे-दोनशे बार दाब पुरे होई. नव्या कॉमन रेल पद्धतीत तो हजार-दीड हजार बारच्याही वर जातो. आपण ज्या हवेत वावरतो तिचा दाब सुमारे एक बार, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळेल. इंधनाचे इतके बारीक तुषार होतात की ते जवळजवळ पुरते जळतात. ते केव्हा आणि किती सोडायचे हे एक लहानसा संगणक क्षणोक्षणी ठरवतो. आणि जी काजळी तरीही उरते ती धुराच्या नळीतल्या बारीक छिद्रांच्या फिल्टरमध्ये अडकते. तो फिल्टर भरत आला की इंजिन स्वतःच धुराची उष्णता सहाशे अंशांच्या आसपास नेऊन आतली काजळी जाळून टाकते. मानवी बुद्धीचे हे कौतुक करावे तितके थोडेच.

परंतु ह्या कौतुकात एक अट दडलेली आहे. ती काजळी जळायला गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. आमच्या आतेभावाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्याचा किराणा मालाचा व्यापार. २०२१ साली त्याने कर्ज काढून नवी डिझेल पिकअप घेतली. मोंढा ते शहागंज, शहागंज ते गुलमंडी, अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या. प्रत्येक दुकानापुढे इंजिन चालू ठेवून थांबायचे. सहा-सात महिन्यांत समोर पिवळा दिवा लागला. त्याने दुर्लक्ष केले, कारण जुन्या गाडीत दिवा लागला तर दिवाच बिघडलेला असे! पुढे गाडीची ताकद एकदम उतरली. ती चढावर बैलगाडीच्या चालीने चालू लागली. गॅरेजवाल्याने हात जोडले, म्हणाला, "लॅपटॉपशिवाय हिला हात लावता येत नाही." जेथे लॅपटॉप होता तेथे नंबर लागायला पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने लावावा लागला. आणि बँकेचा हप्ता तर कोणासाठी थांबत नाही.

ह्यात दोष कोणाचा? गाडीचा म्हणावा तर ती जशी बनवली होती तशीच वागली. भावाचा म्हणावा तर त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तिका मिळाली होती. त्या दिव्याचा अर्थ आणि त्यावरचा उपाय, म्हणजे गाडी हमरस्त्यावर काढून काही वेळ सलग चालवावी, हे सारे तीत छापलेले होते. पुस्तिका इंग्रजीत होती, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेली नव्हती.

श्रोतेहो, आमच्या मते सारा प्रश्न येथेच आहे. आपण जुनी आणि नवी अशा दोन यंत्रांची तुलना करीत बसतो. परंतु यंत्र एकटे कधीच नसते. त्याच्यामागे ते जाणणारी माणसे असावी लागतात. जुन्या गाडीमागे ती साठ वर्षांत तयार झाली. नव्या गाडीमागे ती अजून तयार झालेली नाहीत. आणि जी आहेत ती मोजक्या ठिकाणी, बंद दाराआड आहेत.

ह्याची साक्ष द्यायला आपल्याला दूर जावे लागत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने ह्या शहराला भूमिगत नहरीने पाणी दिले. डोंगराच्या पोटातले झिरपे गोळा करून ते केवळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर शहरात आणलेले. पुढे पाणचक्कीचे जातेही अशाच आणलेल्या पाण्यावर फिरू लागले. त्या काळी ते नवेच यंत्र होते, आणि सामान्य माणसाला ते गूढही वाटले असेल. पण नहरीवर जागोजागी आत उतरण्याची तोंडे ठेवलेली होती. आणि आत उतरून गाळ काढणारी, मुळे तोडणारी, फुटका नळ बदलणारी माणसे होती. नहर चालली ती त्या तोंडांमुळे आणि त्या माणसांमुळे. माणसे गेली, तोंडे बुजली किंवा त्यांवर घरे उभी राहिली, आणि मग ते पाणी बहुतेक ठिकाणी आटले. यंत्र जुने होते म्हणून ते बंद पडले नाही. आत उतरण्याची वाट बंद झाली म्हणून बंद पडले. आम्हांला वाटते, नव्या गाडीलाही तिच्या जन्माबरोबरच आत उतरण्याची वाट असली पाहिजे.

ही आमची एकट्याची तक्रार आहे असेही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच, की सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. प्रकरण पुढे अपिलांत गेले; परंतु दुखणे कोठे आहे हे त्या निकालाने सरकारी कागदावर आले. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारींबरोबर शेतीची यंत्रेही होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी पोर्टलही निघाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे मात्र विसरून चालणार नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने मोटारींसाठी २०१२ साली आणि कोलोरॅडोने शेतीच्या यंत्रांसाठी २०२३ साली असे कायदे केले. तेथला शेतकरी श्रीमंत, आपला तसा नाही; पण पीक तयार असताना यंत्र बंद पडले म्हणजे दोघांच्या पोटात सारखाच गोळा येतो.

येथे कोणी म्हणेल, "मग तो फिल्टरच काढून टाकावा, म्हणजे कटकट मिटली." असे करून देणारे लोक आहेत, हे आपण सर्व जाणतो. ह्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. फिल्टर काढणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आपली पाच दिवसांची अडचण आपण त्या हमालाच्या छातीवर कायमची लादतो, आणि वर नव्या गाडीचे मालक म्हणून मिरवतो. ज्याला दुरुस्तीचा हक्क हवा त्याने नीट दुरुस्तीची जबाबदारीही घ्यावी.

तेव्हा गाडी निवडताना काय पाहावे? आमच्या अल्प अनुभवावरून तीन प्रश्न सुचतात.

पहिला, आपला रस्ता कोणता? जो माळीवाड्याला किंवा सावंगीला समृद्धी महामार्गावर चढून दूरच्या बाजारपेठा गाठतो, त्याच्यासाठी नवी डिझेल गाडी उत्तम. फिल्टरला हवी असलेली सलग धाव ह्या ७०१ किलोमीटरांच्या रस्त्यावर आपोआप मिळते. ज्याचे सारे आयुष्य गुलमंडीच्या गल्ल्यांत जाते त्याने डिझेलच्या वाटेला न जाता सीएनजीची किंवा विजेवरची लहान गाडी पाहावी. 'छोटा हत्ती'ही २०२२ सालापासून विजेवर आला आहे. शेजाऱ्याने जी घेतली ती आपण घ्यावी, हा लग्नपत्रिका निवडण्याचा नियम गाडीला लावू नये.

दुसरा प्रश्न, दुरुस्ती किती अंतरावर आणि कोणाच्या हातात? किंमत विचारतो त्याच तोंडाने हेही विचारावे, की दिवा लागला तर तो वाचणारा मनुष्य कोठे भेटेल, रात्री भेटेल काय, आणि आमच्या गॅरेजवाल्याला सुटा भाग मिळेल काय? पुस्तिका मराठीत मागावी. एकाने मागितली तर विक्रेता हसेल. शंभरांनी मागितली तर छापेल.

तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे. गाडीत साठणारी माहिती कोणाची? नव्या पिकअपमध्ये गाडी कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, हे मालकाला मोबाइलवर दिसण्याची सोय असते. पुतण्याने हे मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "अण्णा, चौदा वर्षांत मी तुम्हांला कधी खोटे सांगितले का? आता ही गाडी माझी चहाडी करणार." आम्हांला उत्तर सुचले नाही. चोरीच्या वेळी, अपघाताच्या वेळी ही सोय उपयोगी पडेल, ह्यात शंका नाही. परंतु ज्याच्या भरवशावर आपण रात्री निर्धास्त झोपतो, त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी ती वापरली तर आपण गाडी मिळवू आणि माणूस घालवू. आमच्या घरी ठरले ते असे, की जे मालकाच्या मोबाइलवर दिसेल ते मामांच्याही मोबाइलवर दिसेल. मामा ह्यावर काही बोलले नाहीत. पण त्यांनी पुतण्याला मोबाइल पुढे केला, "घालून दे" म्हणून.

राहिली आमच्या गाडीची गोष्ट. नवी घ्यायची, असे शेवटी ठरले. जुनी दुसऱ्याला विकली तर तिचा धूर फक्त दुसऱ्या गावाला जाईल. म्हणून ती नोंदणीकृत केंद्रात मोडीत देणार आहोत. तसे केल्यास माल वाहतुकीच्या नव्या गाडीवर मोटार करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राने २०२१ साली केली आहे. दादांना हे मान्य व्हायला दोन महिने लागले, आणि मान्य झाले असे आम्ही समजतो, त्यांनी तसे म्हटलेले नाही.

परंतु गाडीचे पैसे भरण्याआधी आम्ही दुसरे पैसे भरले. चाचांचा धाकटा मुलगा बारावी झालेला, हाताने कुशल, बापाप्रमाणे कान तयार असलेला. आमच्यासारखे चार गाडीमालक एकत्र आलो, त्याला नव्या इंजिनांच्या शिक्षणवर्गाला पाठवले, आणि तपासणीचा स्कॅनर घेण्यासाठी वर्गणी काढली. फेड त्याने कामातून करायची. परवा आम्ही गॅरेजात गेलो तेव्हा एका नव्या गाडीला त्याने स्कॅनर जोडला होता आणि पडद्यावरचे आकडे वाचत होता. शेजारी चाचा नेहमीप्रमाणे डोळे मिटून इंजिन ऐकत होते. मुलगा म्हणाला, "तिसऱ्या इंजेक्टरला दाब कमी आहे." चाचांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "वही तो मैं कह रहा था."

ज्या शहरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, आयटीआय आहे, तेथे अशी मुले वर्गणीवर अवलंबून असू नयेत, ही ह्या व्यासपीठावरून आमची विनंती आहे. संध्याकाळचे वर्ग मराठीत आणि उर्दूत चालवावेत. गॅरेजातल्या पोराला पदवी न मागता आत घ्यावे. गाड्या करणारे शहर ही कीर्ती आपण मिळवलीच आहे. त्या गाड्या बऱ्या करणारे शहर ही कीर्तीही मिळवू या. त्यात भांडवल थोडे लागते, आणि पोटे पुष्कळ भरतात.

ऑइल फारसे न सांडता आम्ही बोललो असू, अशी आशा आहे.